घर बदलताना: सामानाच्या तात्पुरत्या साठवणुकीच्या नोंदी (सांगली, मार्च ते ऑक्टोबर २०२५)

३० मार्च २०२५, रविवार (गुढीपाडवा)

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षे कामाची नोंदवही लिहिल्यामुळे घरातले कामही वहीत उतरल्याशिवाय सुरू झाल्यासारखे वाटत नाही, म्हणून आज पाडव्याच्या दिवशी ही वही उघडली. परिस्थिती अशी आहे. गावभागातला आमचा जुना वाडा चुलतभावांच्या संमतीने १ जूनपासून पाडायला घेतला जाणार आहे. विश्रामबागेत घेतलेल्या सदनिकेचा ताबा मेअखेर मिळेल असे बांधकाम करणाऱ्या मंडळींनी आम्हाला लेखी कळवले होते. मागच्या आठवड्यात त्याच मंडळींनी तोंडी 'दसरा' सांगितला. मधले चार महिने आम्ही दोघांनी विश्रामबागेतच दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या आणि आईने मिरजेला ताईकडे राहायचे, एवढे आज ठरले. माणसांची सोय लागली, पण तीन पिढ्यांच्या सामानाची लागायची आहे.

आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "अरे, माझा बंब कुठं जाणार?" उत्तर तयार नव्हते.

६ एप्रिल, रविवार

टेप घेऊन सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागची खोली आणि माळा मोजला. प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची लिहून घनफूट काढले. बेरीज ७८० घनफूट आली. माळ्यावर काय काय आहे हे खुद्द मलाही माहीत नव्हते: तीन पाळणे, एक जाते, रॉकेलच्या स्टोव्हचे सुटे भाग आणि १९९० च्या आसपासच्या दिवाळी अंकांचे सहा गठ्ठे.

सोप्याच्या भिंतीवर पुराच्या दोन खुणा आहेत. ऑगस्ट २०१९ ची खूण जमिनीपासून चार फूट दोन इंचांवर आहे आणि जुलै २०२१ ची एक फूट आठ इंचांवर. आयर्विन पुलाजवळ २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती आणि २०२१ मध्ये ५५ च्या आसपास थांबली होती. पुलाच्या मोजपट्टीवरचा फरक आणि आमच्या भिंतीवरचा फरक जवळपास सारखाच आहे. पुलावरची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे गावभागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. सामान जून ते सप्टेंबर ठेवायचे असल्यामुळे पहिली अट आजच लिहून ठेवतो: भाडे कितीही कमी असले तरी नदीच्या बाजूच्या तळमजल्यावर काहीही ठेवायचे नाही.

१३ एप्रिल, रविवार

जागा पाहण्यात पूर्ण आठवडा गेला. सांगलीला साठवणूक नवी नाही. हळद, गूळ आणि बेदाणा यांवर उभे राहिलेले हे गाव आहे; कुपवाड, मिरज आणि तासगावच्या बाजूला बेदाण्याची शीतगृहे आहेत. हरिपूरला तर हळदीची पेवे होती. जमिनीत खोल खणलेल्या त्या खड्ड्यांत हळद भरून तोंड बंद केले की आत प्राणवायू राहत नसे आणि कीडही लागत नसे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी आतली हवा पालटू द्यायची, हे मी लहानपणी तिथल्या हमालांकडून ऐकले आहे. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवे निकामी झाली. सांगायचा मुद्दा असा की पोत्यांसाठी या गावात जागाच जागा आहे. पण घरातली कपाटे, गाद्या आणि बरण्या चार महिन्यांसाठी ठेवतो म्हटले की समोरचा माणूस आपल्याकडे विचित्र नजरेने पाहतो.

तीन जागा पाहिल्या. गणपती पेठेतला एका परिचितांचा रिकामा गाळा फुकट मिळत होता, परंतु तो तळमजल्यावर आहे. आभार मानून बाजूला ठेवला. कुपवाड औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची शेड प्रशस्त आहे, मात्र दुपारी दोन वाजता आत उभे राहवत नाही, आणि पत्र्याला खिळ्यांची भोके आहेत ती आतूनच दिसली, कारण त्यांतून उन्हाचे कवडसे पडत होते. जिथून ऊन येते तिथून जुलैत काय येईल हे वेगळे सांगायला नको. तिसरी जागा कुपवाड रस्त्यावरच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. दहा बाय बाराची, वर स्लॅब, समोरासमोर दोन खिडक्या, भाडे महिना साडेतीन हजार. जिना अरुंद आहे, तरीही हीच जागा घ्यायची. करार साध्या कागदावर न करता नोंदणी करूनच करायचा असे मालकांना सांगितले. त्यांना ते जरा अती वाटले, पण त्यांनी मान्य केले.

१९ एप्रिल, शनिवार

आज एक हिशेब अंगावर आला. दहा बाय बारा बाय दहा म्हणजे १,२०० घनफूट आणि आपले सामान ७८०, तेव्हा जागा ऐसपैस आहे, असे मी धरून चाललो होतो. कागदावर नकाशा काढला तेव्हा चूक कळली. भिंतीला सामान चिकटवायचे नाही म्हणून चारही बाजूंनी अर्धा फूट सोडायचा. आत शिरून मागची वस्तू काढता यावी म्हणून मधून दोन फुटांची वाट सोडायची. आणि खोके सहा फुटांपेक्षा उंच रचायचे नाहीत, कारण खालचे दबतात आणि वरचे माझ्या वयाच्या माणसाला उतरवता येत नाहीत. उरलेली जागा सात फूट बाय अकरा फूट, उंची सहा. म्हणजे ४६२ घनफूट. बाराशे घनफुटांच्या खोलीत चारशे बासष्ट.

वाट सोडली नाही तर आणखी १३२ घनफूट मिळतात, हे सौ.ने लगेच दाखवून दिले. तो मोह मी टाळला. चार महिन्यांत एकदाही आत जायचे नसेल तर वाट नको. पण पावसाळ्यात महिन्यातून एकदा आत जाऊन पाहिले नाही तर काय होते, हे खात्याच्या भांडारात मी पाहिलेले आहे.

तेव्हा ३१८ घनफूट कमी करायचे आहे. लोखंडी कपाटे तीन आहेत आणि त्यांचे आतले घनफळ वेगळे मोजून मी तोच आकडा दोनदा धरला होता, हे लक्षात आले: कपडे आणि अंथरुणे कपाटातच ठेवली तर सुमारे ८० घनफूट आपोआप सुटतात. मात्र जिन्यातून चढवताना कपाट रिकामेच हवे. भरायचे ते वर नेल्यावर. फ्रिज, धुलाई यंत्र, इन्व्हर्टरची बॅटरी आणि रोजच्या वापरातली भांडी भाड्याच्या खोल्यांवर. बॅटरी बंद खोलीत चार महिने पडून राहिली तर उतरते आणि नंतर नीट चार्ज होत नाही, त्यामुळे ती वापरात असलेलीच बरी. गॅसचा दुसरा सिलिंडर साठवणुकीच्या खोलीत कोणत्याही परिस्थितीत जाणार नाही. उरलेली घट देण्याघेण्यातून करायची आहे, आणि तिथे टेप कामाला येणार नाही.

२७ एप्रिल, रविवार

आजचा दिवस तंबोऱ्यात गेला आणि तो जायलाच हवा होता.

वडिलांचा तंबोरा मिरजेतच घडवलेला आहे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, बाकीचे लाकूड तुणीचे. खोके-गाद्यांच्या यादीत मी त्याला 'नोंद १९, नाजूक' असे लिहून मोकळा झालो होतो. आज त्याला कशात गुंडाळावे हे विचारायला मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलो. तिथल्या कारागिरांनी माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "खोलीला खिडकी किती वेळ उघडी राहणार?" मी म्हणालो, महिन्यातून एकदा. ते हसले. लाकूड आणि भोपळा दोन्ही हवेप्रमाणे फुगतात आणि आकसतात, पण सारख्या प्रमाणात नाही. बंद, दमट खोलीत चार महिने ठेवल्यावर त्यांच्यामधला सांधा सुटला तर जोडता येतो, परंतु भोपळ्याला बुरशी आतून लागली तर कळतही नाही, असे त्यांनी सांगितले. तारा पूर्ण काढायच्या नाहीत, नाहीतर घोडी (तारांखालची पट्टी) जागची हलते; प्रत्येक खुंटी थोडी सैल करून ताण उतरवायचा. भोपळ्याखाली जुन्या सुती साडीची जाड चुंबळ करायची, म्हणजे भार एका बिंदूवर येत नाही. त्यांनी स्वतः एका तंबोऱ्याखाली चुंबळ ठेवून दाखवली आणि बोटाने हलकेच टिचकी मारली. घुमणारा तो आवाज ऐकून मला वडिलांच्या सकाळच्या रियाजाची आठवण झाली.

निर्णय बदलला. तंबोरा आईबरोबर ताईकडे जाईल, माणसांच्या खोलीत राहील. परतताना बसमध्ये यादीला एक नवा रकाना जोडला: 'हवेने बिघडते का?' उत्तर 'हो' असेल ती वस्तू साठवणुकीत जाणार नाही. त्या रकान्यामुळे वडिलांची छायाचित्रे, आईची पोथी आणि जमिनीचे जुने कागदही खोलीच्या यादीतून बाहेर आले.

४ मे, रविवार

खोक्यांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. क्रमांक वरच्या झाकणावर न लिहिता दोन बाजूंवर लिहायचा, कारण रचल्यावर झाकण दिसत नाही. वहीत प्रत्येक खोक्याची एक ओळ आहे: क्रमांक, कोणत्या खोलीतले, आत काय, कोणत्या रांगेत ठेवले आणि नव्या घरात पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्यात की नंतर कधी लागेल. पुस्तके लहान खोक्यांतच भरायची, मोठे खोके भरले तर दोन माणसांना उचलत नाही. चिनी मातीच्या बरण्यांना जुन्या धोतरांचे तुकडे. पितळेला वर्तमानपत्र नको, डाग पडतात.

दिवाळी अंकांचे सहापैकी चार गठ्ठे वाचनालयाला दिले. सौ. म्हणते की उरलेले दोनही जातील. मी अजून मान्य केलेले नाही.

११ मे, रविवार

काम पुढे सरकले. घनफूट ५३०. जाते शेजारच्यांच्या गावाकडच्या घरी जाईल. यंदाच्या गहू-ज्वारीची वर्षाची बेगमी करायची नाही, असे ठरले. आईला हे पटत नाही. घरगुती विम्याची पॉलिसी काढून पाहिली: त्यात वाड्याचा पत्ता आहे आणि संरक्षण त्याच पत्त्यावरच्या सामानाला. सामान हलवण्याआधी नव्या जागेची नोंद करून घ्यायचा अर्ज दिला.

१८ मे, रविवार

हलवण्याचा दिवस २५ मे, रविवार ठरला. मृगापर्यंत, म्हणजे ७ जूनपर्यंत, पाऊस येत नाही हे धरून दोन आठवड्यांची मोकळीक ठेवली आहे. सामान बांधून नेणाऱ्या एका कंपनीला आगाऊ रक्कम दिली. घनफूट ४७०.

२१ मे, बुधवार

काल संध्याकाळपासून पाऊस. वळीव म्हणून सुरुवातीला कौतुक वाटले. आज दिवसभर थांबला नाही.

२४ मे, शनिवार

मोसमी पाऊस आज केरळात दाखल झाल्याचे जाहीर झाले. एवढ्या लवकरचा पाऊस मी तरी नोकरीच्या काळात अनुभवलेला नाही, आणि माझी दोन आठवड्यांची मोकळीक कागदावरच राहिली.

दुपारी त्या कंपनीने फोनवरून कळवले की पावसात उद्याची गाडी येऊ शकणार नाही. चार दिवसांनी येईल आणि दर वाढीव असेल. नाव इथे लिहीत नाही; आगाऊ रक्कम परत मिळाली की विषय संपेल. १ जूनला वाडा पाडायला माणसे येणार असल्याने थांबणे शक्य नव्हते. चुलतभावाच्या ओळखीने मार्केट यार्डातला एक टेम्पो आणि हळदीच्या ओळीत काम करणारे पाच हमाल उद्यासाठी मिळाले.

२५ मे, रविवार: प्रत्यक्ष स्थलांतर

सकाळी सहा ते रात्री नऊ. टेम्पोच्या चार खेपा.

हमालांच्या कामाबद्दल आदर वाटला. गोदरेज कपाट पाठीवर घेऊन अरुंद जिना चढताना एकाने दुसऱ्याला शब्दही न बोलता फक्त जिभेच्या 'टक' आवाजाने वळण सांगितले. मात्र त्यांचा हात पोत्यांना सवकलेला आहे. पहिल्याच खेपेत एकाने सवयीने कमरेचा लोखंडी आकडा काढला आणि खोका क्र. ३१ ला लावून उचलला. आकडा पुठ्ठ्यातून सरळ आत गेला. सुदैवाने त्यात गोधड्या होत्या. आजीच्या गोधडीला बोटभर भोक पडले. तो माणूस खजील झाला आणि त्यानंतर पाचही जणांनी आकडे टेम्पोच्या टपावर काढून ठेवले. चूक त्याची कमी आणि माझी जास्त. पोत्याच्या माणसाला खोके देताना आधी सांगायला हवे होते.

खरी चूक दुसरी झाली. टेम्पोवर ताडपत्री होती, पण वाड्याच्या अंगणात खोके टेम्पोत चढेपर्यंत थेट ओल्या फरशीवर टेकवले गेले. वरून कोरडे, खालून ओले. हे तिसऱ्या खेपेला लक्षात आले. मग मागच्या दारची जुनी फळकुटे अंगणात टाकून त्यावर खोके ठेवले. एका गादीचा कोपरा पूर्ण भिजला. खोलीत मात्र कुपवाडमधून आणलेली लाकडी पॅलेट आधीच अंथरलेली होती, त्यामुळे तिथे जमिनीशी काहीही टेकले नाही. रचना नकाशाप्रमाणे झाली: शेवटी लागणारे मागे, पहिल्या दिवशी लागणारे दाराशी. रात्री सगळ्यावर प्लास्टिकचे कापड घालून कुलूप लावले.

१ जून, रविवार

सकाळी वाड्याच्या सोप्यातल्या भिंतीवरच्या पुराच्या खुणांचे छायाचित्र घेतले. नऊ वाजता पहिली कौले उतरली. मी थांबलो नाही.

८ जून, रविवार

दोन आठवड्यांनी खोली उघडली. दार उघडताच ओल्या मातीसारखा वास आला. प्लास्टिकच्या कापडाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते. कारण उघड आहे: २५ मे रोजी आपण नुसते सामान नाही, तर त्या दिवसाची दमट हवा आणि खोक्यांच्या तळातली ओलही आत नेली, आणि वरून प्लास्टिक घालून तिला बाहेर जायची वाट बंद केली. संरक्षण म्हणून केलेली गोष्टच नुकसान करत होती.

आज केलेले काम: प्लास्टिक काढून त्याऐवजी जुन्या सुती चादरी घातल्या. तळ ओला झालेली अकरा खोकी उघडून नव्या खोक्यांत भरली. वहाणांचा एक जोड आणि तीन पुस्तकांच्या पाठी बुरशीला गेल्या होत्या. भिजलेली गादी पिंजाऱ्याकडे दिली. उन्हाशिवाय कापूस वाळणार नाही, आकाश उघडल्यावर बघू, असे त्यांनी सांगितले. कळीचा चुना चार मातीच्या कुंड्यांत घालून कोपऱ्यांत ठेवला. तो ओल शोषून फुगतो, म्हणून कुंडी एक तृतीयांशच भरायची आणि खाली परात ठेवायची. त्यावर पाणी पडले तर तो तापतो, त्यामुळे खिडकीजवळ ठेवायचा नाही. खोलीच्या मालकांना विनंती केली की उघडीप असेल त्या दिवशी दोन्ही खिडक्या तासभर उघडाव्यात. त्यांनी ते मनापासून स्वीकारले. भाड्याच्या साडेतीन हजारांपेक्षा हा तासच मोलाचा ठरेल असे दिसते.

६ जुलै, रविवार (आषाढी एकादशी)

वास गेला. चुन्याचा भुगा झाला होता, तो बदलला. पण दाराकडून बंबापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली दिसली. बंबाचे झाकण काढले तर आत पिशवीत बांधलेले सांडगे आणि पापड. खाद्यपदार्थ साठवणुकीत जाणार नाहीत, हा नियम आईसमोर दोनदा वाचून दाखवला होता. फोन केला तेव्हा ती म्हणाली, "रिकामा बंब हलवू नये रे." पापड गेले, सांडगे निम्मे वाचले.

आजपासून चातुर्मास. आईचा आग्रह आहे की वास्तुशांत कार्तिकीनंतरच करायची. दसऱ्याला फक्त दूध उतू घालून राहायला जायचे, असे ठरले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

धरणांतून विसर्ग सुरू आहे आणि नदी चढली आहे. नदीकाठच्या सखल भागातल्या लोकांची हलवाहलव सुरू झाली आहे. सवयीने पुलापर्यंत जाऊन पाणी पाहून आलो. तिथेच गणपती पेठेतल्या गाळ्याचे मालक भेटले. माल माळ्यावर चढवून आले होते. खोलीची तपासणी काल झाली, सर्व कोरडे.

२ ऑक्टोबर, गुरुवार (दसरा)

ताबा मिळाला, दुपारी चार वाजता. स्वयंपाकघराच्या एका नळाला पाणी नाही, लेखी कळवले. आई आणि ताई मिरजेहून आल्या, दूध उतू गेले, दारावर झेंडूचे तोरण लागले.

५ ऑक्टोबर, रविवार

खोली रिकामी केली. तेच पाच हमाल बोलावले. आकडे त्यांनी स्वतःहूनच घरी ठेवले होते. मधली दोन फुटांची वाट सोडल्यामुळे सामान क्रमाने बाहेर आले आणि चार खेपांऐवजी तीन खेपांत काम संपले. सौ.ने हे मान्य केले, पण दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे पाहून पुढचे बोलणे टाळले.

संध्याकाळी नियोजनातली एक चूक उघडी पडली. आईला देवपूजेसाठी पळी-पंचपात्र हवे होते. मी देवघराचे सामान 'पितळ' या गटात टाकले होते आणि पितळ जड म्हणून ते मागच्या रांगेत, तळाशी गेले होते. खोका क्र. ६३ तिसऱ्या खेपेत आला आणि रात्री साडेआठला बाकीच्या सगळ्याच्या खालून निघाला. तोवर आईने वाटीतल्या पाण्यात तुळशीचे पान घालून पूजा उरकली होती. "चालतं," ती म्हणाली. वहीत खोका ६३ पुढच्या 'कधी लागेल' या रकान्यात आधी 'नंतर' लिहिलेले आहे. ते खोडून 'पहिला दिवस' केले.

वहीत ८४ ओळी आहेत. ८३ ला बरोबरची खूण झाली. उरलेली खोका क्र. ३१ ची आहे, कारण गोधडीचे भोक अजून शिवायचे आहे. तंबोरा बैठकीच्या खोलीत चुंबळीवर ठेवला आहे; दिवाळीनंतर मिरजेला नेऊन तारा ताणून जवारी (घोडीचा पृष्ठभाग घासून सूर नीट करणे) करून घ्यायची.